जोडीदाराचा अमेरिकी व्हिसा: कागदपत्रांत चूक सापडली तर काय करायचं

हा लेख एका ठरावीक परिस्थितीतल्या जोडप्यांसाठी आहे. दोघांपैकी एक जण अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे, दुसरा भारतात आहे, लग्न महाराष्ट्रात किंवा गोव्यात झालंय आणि मुलाखत मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात होणार आहे. अमेरिकेतला जोडीदार यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या नागरिकत्व आणि इमिग्रेशन खात्याकडे, नात्याच्या मान्यतेसाठी आय-१३० हा अर्ज भरतो. तो मंजूर झाला की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे एनव्हीसीकडे जाते. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला एफ२ए या वर्गात नंबर लागेपर्यंत थांबावं लागू शकतं, नागरिकाच्या जोडीदाराला असा नंबर नसतो. एनव्हीसीकडे फी भरायची, डीएस-२६० हा ऑनलाइन अर्ज, आय-८६४ हे आर्थिक हमीपत्र आणि सगळे दाखले द्यायचे. मग वैद्यकीय तपासणी आणि शेवटी मुलाखत.

या वाटेवर कुठे ना कुठे चूक सापडतेच. ती सापडली की बहुतेक घरांत पहिली धावपळ सुरू होते ती आधार, पॅन, बँकेचं पासबुक, सगळीकडची नावं एकसारखी करण्याची. तिची गरज नसते. अमेरिकी अधिकारी या प्रकरणात प्रामुख्याने पासपोर्ट, जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र, पोलीस क्लिअरन्स आणि आधीचं लग्न असेल तर ते संपल्याचा पुरावा पाहतो. आधी शांतपणे बसून एवढंच ठरवा: चूक नेमकी कुणाच्या कागदात आहे?

चूक कुणाची, त्यावर उपाय ठरतो

तुम्ही अर्जात चुकीचं लिहिलं असेल, तर अर्ज दुरुस्त करायचा. दाखलाच चुकीचा असेल, तर ज्याने तो दिला त्या कार्यालयात दुरुस्त करून घ्यायचा. आणि तुम्ही बरोबर लिहूनही अमेरिकी कार्यालयाने पावतीवर वा मंजुरीपत्रावर चुकीचं छापलं असेल, तर त्यांच्याकडून ते बदलून घ्यायचं. हे तीन वेगळे रस्ते आहेत. गोंधळ होतो तो रस्ता चुकल्यावर: दाखल्यातली चूक जुळावी म्हणून अर्जातही तीच चूक मुद्दाम लिहायची, किंवा बरोबर असलेला पासपोर्ट चुकीच्या विवाह प्रमाणपत्राप्रमाणे बदलून आणायचा. हे दोन्ही करू नका. बरोबर कागदाला हात लावायचा नाही.

अर्जातली प्रामाणिक चूक हा गुन्हा नाही. अमेरिकी कायद्यात धोका आहे तो महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगण्याचा. तसं ठरलं तर प्रवेशाला कायमची आडकाठी येते आणि मग माफीचा वेगळा अर्ज करावा लागतो. म्हणून कुणी विचारण्याआधी स्वतःहून लेखी कळवलेली चूक आणि अधिकाऱ्याने पकडल्यावर कबूल केलेली चूक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पूर्वी नाकारलेला टुरिस्ट व्हिसा, आधीचं लग्न, अमेरिकेत पूर्वी मुदतीपेक्षा जास्त राहणं, यांपैकी काही अर्जात राहून गेलं असेल तर ते आजच कळवा. त्याआधी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्या. या तीन बाबतींत वकिलाची फी वाचवू नये.

नाव

आपल्याकडे नावाची रचनाच अमेरिकी फॉर्मच्या चौकटीत सहज बसत नाही. स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. जन्मदाखल्यावर अनेकदा फक्त बाळाचं नाव असतं आणि आडनाव वडिलांच्या रकान्यातून समजून घ्यावं लागतं. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी. लग्नानंतर मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही.

नियम असा ठेवा: चालू पासपोर्टवर जे नाव आहे तेच सगळ्या अर्जांत मुख्य नाव. बाकीची जेवढी नावं कुठल्याही दाखल्यावर दिसतात, ती सगळी ‘वापरलेली इतर नावं’ या रकान्यात. माहेरचं पूर्ण नाव, सासरचं नाव, वेगळी स्पेलिंगं, सगळं. हा रकाना रिकामा ठेवणं ही नावाबाबतची सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण मग विवाह प्रमाणपत्रावरची व्यक्ती आणि पासपोर्टवरची व्यक्ती एकच आहे हे फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं.

आय-१३० मध्ये मधल्या नावाचा स्वतंत्र रकाना आहे, डीएस-२६० मध्ये पहिलं आणि मधलं नाव एकाच रकान्यात जातं. पासपोर्टवर ‘मानसी प्रकाश’ असं एकत्र छापलेलं असेल तर आय-१३० मध्ये ‘प्रकाश’ मधल्या नावात लिहिलं तरी चालतं. ही विसंगती नव्हे. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असेल, तर अमेरिकी व्हिसावर संपूर्ण नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी एफएनयू (‘फर्स्ट नेम अननोन’, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) ही तीन अक्षरं येतात. पुढे ग्रीन कार्डावर, सोशल सिक्युरिटी कार्डावर, ड्रायव्हिंग लायसन्सवर हीच अक्षरं डोकं खातात. असा पासपोर्ट असेल तर अर्ज भरण्याआधीच आडनाव घालून नवा काढा.

लग्नानंतर नाव बदलायलाच हवं अशी अमेरिकेची कुठलीही अट नाही. बदलायचं असेल तर आय-१३० भरण्याआधी बदला, नाहीतर थेट तिकडे गेल्यावर. प्रकरण अर्ध्यावर असताना नव्या नावाचा पासपोर्ट काढला, की पासपोर्टचा नंबर, पोलीस क्लिअरन्स, डीएस-२६० सगळं पुन्हा जुळवत बसावं लागतं.

आता स्पेलिंग. दीपालीचं एका कागदावर ‘डी-डबल-ई’, दुसऱ्यावर ‘डी-आय’. दाखला फक्त मराठीत असेल तर त्यावर स्पेलिंगची चूक असूच शकत नाही, ते भाषांतरकाराच्या हातात असतं. त्याला पासपोर्टची प्रत द्या आणि तेच स्पेलिंग वापरायला सांगा. दाखला द्विभाषिक असेल आणि त्यावर रोमन अक्षरांत वेगळं स्पेलिंग छापलं असेल, तर एखाद-दुसऱ्या अक्षराच्या फरकासाठी दाखला बदलत बसू नका. इतर नावांत ते लिहा आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र जोडा. वडिलांचं नावच वेगळं असेल किंवा आडनाव पूर्ण निराळं असेल, तर मात्र प्रतिज्ञापत्रावर भागत नाही, दाखला दुरुस्त करावाच लागतो.

भाषांतरकाराने मूळ कागदातली चूक परस्पर सुधारायची नसते, जे आहे तेच उतरवायचं. भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं त्याने सही, नाव, पत्ता आणि तारखेसह खाली लिहून द्यावं लागतं. सरकारी शिक्का असलेलाच भाषांतरकार हवा असं नाही, पण पती-पत्नींनी स्वतः भाषांतर करू नये. आणि अपोस्टिल, म्हणजे परदेशात वापरण्यासाठी कागदावर घेतात तो सरकारी प्रमाणनाचा शिक्का, लागत नाही. त्यासाठी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका.

तारीख

अमेरिकी फॉर्ममध्ये महिना आधी, मग दिवस. लग्न ५ फेब्रुवारी २०२२ ला झालं असेल आणि सवयीने ०५/०२/२०२२ लिहिलं, तर तिकडे ते २ मे वाचलं जातं. १३ ते ३१ तारखांना ऑनलाइन फॉर्म अडवतो, कारण तेरावा महिना नसतो. १ ते १२ तारखा गुपचूप आत जातात. म्हणून अर्ज पाठवण्याआधी बारा किंवा त्याखालच्या तारखांवर स्वतंत्रपणे एकदा नजर फिरवा: जन्म, लग्न, घटस्फोट, पासपोर्टची मुदत, नोकरीची सुरुवात. लग्नाची तारीख आय-१३० मध्ये दोनदा येते, भाग २ मध्ये आणि भाग ४ मध्ये. एका ठिकाणी बरोबर आणि दुसऱ्या ठिकाणी उलटी असं हमखास होतं.

लग्नाची तारीख कोणती धरायची, हाही नेहमीचा घोळ. महाराष्ट्रात धार्मिक विधीने झालेलं लग्न १९९८ च्या विवाह नोंदणी अधिनियमाखाली नोंदवतात. नमुना ‘ड’ मध्ये ज्ञापन भरायचं आणि नमुना ‘इ’ मध्ये प्रमाणपत्र मिळतं. त्यावर लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख अशा दोन तारखा असतात. अर्जात लिहायची ती लग्न लागल्याची, नोंदणीची नव्हे. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न केलं असेल तर ती तारीख धरा, मांडवातले विधी सहा महिन्यांनी झाले असले तरी. अशा वेळी फोटो आणि पत्रिका दुसरीच तारीख सांगतात, म्हणून दोन समारंभ का झाले ते चार ओळींत लिहून सोबत जोडा.

जन्मतारखेत आपल्याकडचा एक जुना वारसा आहे: १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली ही तारीख पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि तिथून पासपोर्टवर गेलेली असते. मग व्हिसासाठी पहिल्यांदाच ग्रामपंचायतीतून जन्माचा उतारा काढावा, तर त्यावर वेगळीच तारीख. हा फरक स्पष्टीकरणावर सोडू नका. खरी जन्मनोंद वेळेवर झालेली असेल तर तीच खरी. ती नोंद घेऊन पासपोर्टची जन्मतारीख बदलण्याचा अर्ज करा. हे काम लांबतं, म्हणून आय-१३० भरण्याच्या आधी जन्मदाखला हातात घेऊन पासपोर्टशेजारी ठेवून पाहा.

जन्मदाखला

पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे जन्माची नोंद आजोळच्या गावच्या किंवा शहराच्या कार्यालयात सापडते. दाखला तिथूनच मिळेल. पासपोर्टवर मात्र जन्मस्थळ म्हणून वडिलांचं गाव लिहिलेलं असतं. अर्जात जन्म जिथे झाला ते ठिकाण लिहा. जिल्हा तोच असेल तर स्पष्टीकरण सहसा पुरतं. जिल्हा किंवा राज्य वेगळं असेल तर पासपोर्ट दुरुस्त केलेला बरा.

दाखल्यावर बाळाचं नावच नसेल तर नोंदणी कार्यालयात नाव समाविष्ट करण्याचा अर्ज करा. नोंदीत चूक असेल तर जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ खाली निबंधक ती दुरुस्त करतो. गावात हे काम ग्रामपंचायतीत होतं, शहरात महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात. इथे एक बारकावा ध्यानात घ्या. कायद्याप्रमाणे मूळ नोंद खोडायची नसते; समासात दुरुस्ती लिहून निबंधक सही आणि तारीख टाकतो. त्यामुळे नव्या दाखल्यासोबत दुरुस्तीचा शेरा असलेला नोंदवहीचा उतारा मिळाला तर तोही घ्या. नोंद कधी, कशाच्या आधारे बदलली हे त्यावरूनच अधिकाऱ्याला पटतं.

नोंद मुळात झालीच नसेल तर कार्यालयाकडून अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्या. सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या जवळच्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडा. एक वर्षानंतरची उशिरा नोंदणी आता जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही. नुकतीच केलेली नोंदणी एकट्याने पुरेशी मानली जाईल असं धरून चालू नका, जुने पुरावे सोबत हवेतच. गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज नोंदींचं इंग्रजी भाषांतर लागेल. गोव्यात लग्न झालं असेल तर चर्चचा दाखला नव्हे, नागरी निबंधकाचं प्रमाणपत्र घ्या.

विवाह प्रमाणपत्र

ज्या विवाह निबंधकाने प्रमाणपत्र दिलं त्याच्याकडेच जा. साधा अर्ज, मूळ प्रमाणपत्र, दोघांचे पासपोर्ट, चुकलेल्या गोष्टीचा पुरावा आणि प्रतिज्ञापत्र एवढं न्यायचं. दुरुस्त प्रत हातात आली की खिडकीवरच तपासा: खंड आणि अनुक्रमांक तेच आहेत ना, मूळ नोंदणीची तारीख तीच आहे ना, फोटो आणि सही-शिक्के जागेवर आहेत ना.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. दुरुस्तीला वेळ लागतो म्हणून दुसऱ्या शहरात जाऊन त्याच लग्नाची नव्याने नोंदणी करण्याचा सल्ला काही एजंट देतात. तो ऐकू नका. एका लग्नाची दोन प्रमाणपत्रं, दोन नोंदणी क्रमांक, कधी दोन तारखा, हे पुढे कुठल्याही पत्राने नीट समजावता येत नाही. साध्या स्पेलिंगच्या चुकीतून संशयाचं प्रकरण उभं राहतं.

आधीचं लग्न असेल तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची न्यायालयातून प्रमाणित नक्कल लागते, झेरॉक्स नाही. हुकूमनाम्याची तारीख नव्या लग्नाच्या आधीची आहे ना, हे पाहा. नसेल तर ती कागदाची चूक नव्हे. नवं लग्नच कायद्याने टिकतं की नाही हा प्रश्न आहे, आणि तो वकिलाकडे न्यायचा.

आय-१३० दाखल झाल्यावर

सही नसणं किंवा फॉर्मची जुनी आवृत्ती, अशा कारणांनी कागदी अर्ज दाखल न होताच परत येतो. आवृत्तीची तारीख पानाच्या तळाशी छापलेली असते, आणि सगळी पानं एकाच आवृत्तीची लागतात. परत येणं म्हणजे नामंजुरी नव्हे. दुरुस्त करून पुन्हा पाठवा, पण रांगेतली तारीख नवी मिळते.

पावती आल्यानंतर स्वतःची चूक लक्षात आली तर दुसरा आय-१३० भरू नका. एका पानाचं पत्र लिहा. वर पावतीचा क्रमांक, म्हणजे तीन अक्षरं आणि दहा आकडे. दोघांची नावं आणि जन्मतारखा. मग नेमकी जागा: ‘भाग ४, सध्याच्या लग्नाची तारीख.’ मग ‘लिहिलं गेलं: २ मे २०२२. बरोबर: ५ फेब्रुवारी २०२२.’ मग कारण एका वाक्यात: ‘भारतीय पद्धतीने दिवस आधी लिहिला गेला.’ मग पुराव्याचं नाव, आणि खाली अर्ज करणाऱ्याची हाताने केलेली सही. पत्रात महिना अक्षरांत लिहा, नाहीतर दुरुस्तीतही तोच गोंधळ होईल. ऑनलाइन भरला असेल तर हे पत्र आणि पुरावा खात्यातल्या ‘न मागितलेला पुरावा’ या भागात चढवा. कागदी असेल तर पावतीवरच्या कार्यालयाकडे पाठवा.

एक रकाना मात्र पाठवण्याआधीच तीनदा वाचा. जोडीदार अमेरिकेत राहूनच दर्जा बदलून ग्रीन कार्ड घेणार की परदेशातल्या दूतावासात व्हिसा घेणार, हे आय-१३० मध्ये विचारतात. भारतातल्या जोडीदारासाठी दूतावास, आणि शहर मुंबई. इथे चुकीचा पर्याय भरला तर मंजूर फाइल एनव्हीसीकडे न जाता यूएससीआयएसकडेच पडून राहते. ती हलवायला आय-८२४ हा वेगळा अर्ज आणि वेगळी फी लागू शकते. मंजुरीपत्रावर फाइल कुठे पाठवली ते लिहिलेलं असतं, ते वाचा.

पुरावा मागणारी नोटीस आली तर तिच्यावरची मुदत अंतिम समजा. ती जास्तीत जास्त १२ आठवडे असते आणि वाढवून मिळत नाही. उत्तर एकदाच द्यायचं, सगळं एकत्र. ‘हे आत्ता, बाकीचं पुढच्या महिन्यात’ असं केलं तर आलेल्या कागदांवरच निकाल लागतो. मूळ नोटीस सगळ्यात वर ठेवा.

पावतीवर वा मंजुरीपत्रावर त्यांनी नाव चुकवलं असेल तर यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर टंकनदोषाची तक्रार नोंदवण्याची सोय आहे. लगेच करा, कारण हीच माहिती पुढे एनव्हीसीच्या नोंदीत जाते.

एनव्हीसी

कागद अपलोड करणं आणि सादर करणं या दोन पायऱ्या आहेत. अपलोड करून शेवटचं सादर करण्याचं बटण न दाबल्याने आठवडेच्या आठवडे फुकट गेलेली प्रकरणं पुष्कळ. एखादा दाखला नाकारला गेला तर संदेशात कारण असतं: धूसर स्कॅन, मागची बाजू नाही, भाषांतर नाही, अनेक पानं वेगवेगळ्या फाइलींत. दुरुस्त करून पाठवलं की तपासणीच्या रांगेत पुन्हा मागे जावं लागतं, म्हणून एकच नाकारला गेला असला तरी सगळे पुन्हा तपासून मगच पाठवा.

डीएस-२६० एकदा सही करून पाठवला की तुम्हाला उघडता येत नाही. एनव्हीसीच्या चौकशी फॉर्मवर तो पुन्हा उघडून द्यायची विनंती करा. फाइल मुंबईला गेली असेल तर दूतावासाला लिहा. उघडल्यावर दुरुस्ती करून पुन्हा सही करून सादर करावा लागतो आणि पुष्टीचं नवं पान छापून घ्यावं लागतं. पुन्हा सादर करायचं विसरलात तर अर्ज अर्धवट राहतो. पत्ता किंवा नोकरीच्या तारखेसारखी छोटी चूक मुलाखतीत सुरुवातीलाच सांगितली तरी दुरुस्त होते. आय-८६४ मध्ये सही आणि घरातल्या माणसांची संख्या पाहा. येणारा जोडीदार त्यात धरायचा असतो, तो विसरला जातो.

चूक निस्तरण्यात कितीही काळ गेला तरी एनव्हीसीशी वर्षातून एकदा तरी संपर्क ठेवा. वर्षभर हालचाल नसेल तर प्रकरण बंद होऊ शकतं. पोलीस क्लिअरन्सची मुदत दोन वर्षं, तीही मोजत राहा.

मुलाखत आणि नंतर

सगळ्या मूळ प्रती न्या, दुरुस्तीच्या आधीचा जुना दाखलाही न्या. अधिकाऱ्याने २२१(जी) चं पत्र, म्हणजे काही कागद किंवा माहिती बाकी असल्याने व्हिसा तूर्त रोखल्याचं पत्र, दिलं तर घाबरू नका. त्यावर जे मागितलं असेल तेवढंच, पत्रात सांगितलेल्या मार्गाने, एक वर्षाच्या आत द्या. वर्ष उलटलं तर अर्ज आणि फी दोन्ही नव्याने.

व्हिसा हातात पडला की विमानाचं तिकीट काढण्याआधी त्यावरचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक आणि वर्ग ताडून पाहा. चूक असेल तर प्रवास न करता दूतावासाला कळवा. नागरिकाच्या जोडीदाराच्या वर्गाचं असं: अमेरिकेत शिरण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर सीआर-१ आणि दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड, झाली असतील तर आयआर-१ आणि दहा वर्षांचं. व्हिसावर सीआर-१ छापलंय, पण पोहोचेपर्यंत दोन वर्षं पूर्ण झाली, असं असेल तर विमानतळावरच्या अधिकाऱ्याला विवाह प्रमाणपत्र दाखवून वर्ग बदलायला सांगा आणि पासपोर्टवरचा शिक्का काउंटर सोडण्याआधी वाचा. तिथे राहून गेलं आणि सशर्त कार्ड आलं, किंवा कार्डावर नाव चुकलं, तर आय-९० या अर्जात चूक सरकारी कार्यालयाची असल्याचं कारण निवडा, चुकीचं कार्ड आणि पुरावा सोबत पाठवा. चूक त्यांची असेल तर या अर्जाला फी नाही.